सहा कोंबड्यांचं माप

मागच्या दारी उभी राहून टेप सोडला,
ब्लाउजचं माप घेते तसा.
धुण्याच्या दगडापासून शेवग्यापर्यंत सात फूट,
भिंतीपर्यंत पाच,
पण त्यातले दोन यांच्या लुनाचे.
मखमलाबादच्या या गल्लीत
कुणाच्याच परसाला याहून जास्त कापड नाही.

कोंबड्या आल्या नणंदेच्या मळ्यातून,
द्राक्षाच्या क्रेटमध्ये, पाय बांधून, सहाजणी:
लवंगी, खारीक, बुंदी,
दोन तपकिरी, ज्या मला अजून वेगळ्या ओळखता येत नाहीत,
आणि उघड्या मानेची एक,
तिला हे हवालदार म्हणतात.

पहिलं खुराडं अंदाजानं बेतलं.
तीस वर्षं बायकांच्या अंगाचा अंदाज घेतेय,
कोंबडीचा येणार नाही?
तीन बाय तीन.
युनूस मिस्त्री म्हणाला, पत्रा वाचला, ताई.

पत्रा वाचला.
पंधरा दिवसांत बुंदीची पाठ सोलून निघाली.
बाकीच्यांनी पिसं उपटून उपटून
तिला तांबडी करून टाकली,
अंडी फोडून आपणच खाल्ली.

मी तिला पाठीवरचं झाकण शिवलं,
गवळ्यांच्या सुनेच्या अस्तरातलं उरलेलं कापड,
पंखांखालून दोन इलॅस्टिक, मागे गोलाई.
दुकानातलं सगळ्यात लहान गिऱ्हाईक.
ट्रायलला जराही हलली नाही.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
जागा किती दिलीय?
मी सांगितलं.
त्यांनी कागद पुढे ओढला.
आत, एकीला चार चौरस फूट.
बाहेर दहा, जमलं तर.
बसायच्या दांडीवर एकीमागे एक वीत.
अंडी घालायला तिघींत एक खण.
आणि कमी पडलं तर?
तुम्हीच बघितलंत की, म्हणाल्या.

काखेत कापड नसलं की बाई हात उचलत नाही,
उचलला तर उसवतं.
म्हणून मी दर शिवणीत आत दोन बोटं सोडते,
न सांगता, शिलाईत न लावता.
बाई वाढेल, बाळंत होईल.
आणि कोंबड्यांना दीड-दीड फुटात
कोंबलं.

लुना शनिवारी भंगारात गेली,
अठरा वर्षं सुरू न झालेली.
हे हातगाडीसोबत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले,
हँडल धरून,
कुणाला एसटीवर पोचवायला जावं तसे.
आले, म्हणाले, साडेसातशे.
मग काही न बोलता
चुन्यानं सहा बाय चारच्या खुणा आखल्या.

जुन्या द्राक्षबागेतले अँगल,
कालव्याकडून मुंगूस येतं म्हणून बारीक जाळी.
बाहेरचे साठ फूट काही बसेनात,
मी कुठून आणू?
संध्याकाळी तासभर गल्लीत सोडते,
पाटोळे वहिनींच्या मेथीचा हिशेब अंड्यांत चुकवते.
खण दोन केले, सांगितल्याप्रमाणे.
सहाजणी एकाच खणापुढे रांग लावतात.
दुसऱ्यात कधीमधी हवालदार उभी असते,
बसत नाही.

जानेवारीत पारा सहावर आला,
बागांतून शेकोट्या पेटल्या.
रात्री दोनला धुराच्या वासानं जाग आली,
टॉर्च घेऊन मागे गेले.
सहा विती दांडी, माझ्याच हातानं मोजलेली.
सहाजणी एका टोकाला, जेमतेम दोन वितींत,
बुंदी मधोमध,
तिचं अस्तर दोघींच्या पंखांखाली दडपलेलं.
उरलेली दांडी रिकामी.

मागून हे म्हणाले, बघ,
लागत होती का एवढी?

मी त्या रिकाम्या भागावर हात ठेवला. गार होता.
पोपटी अस्तराचा एक कोपरा तेवढा दिसत होता.
लवंगीनं एक डोळा उघडला,
टॉर्चकडे बघितलं,
आणि बोटभर आणखी आत सरकली.